पाटीवर अहिल्यानगर, तोंडात नगर: जिल्ह्यांची नावं येतात कुठून?

पुण्याहून सुटणाऱ्या एसटीचा कंडक्टर दारात उभा राहून ओरडतो, "नगर, नगर, नगर!" अहमदनगर नाव होतं तेव्हा तो हेच ओरडायचा, आता अहिल्यानगर झालं तरी हेच ओरडतो. बस केडगाववरून शहरात शिरते, तिथून रिक्षा पकडून सावेडीला यावं, तर प्रोफेसर कॉलनीच्या चौकापासून पुढे दुकानांच्या पाट्या वाचत जाण्यासारख्या आहेत. एका मेडिकलवर अहमदनगर, शेजारच्या नव्या बँकेवर अहिल्यानगर, त्यापुढच्या मिसळवाल्याने सरळ 'सावेडी, नगर' लिहून विषय संपवलेला. पिनकोड सगळ्यांचा एकच, ४१४००३.

एकाच रस्त्यावर एकाच जिल्ह्याची तीन नावं. यातलं खरं कुठलं, असं कुणी विचारलं तर कायद्याने उत्तर सोपं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर. पण जिल्ह्याचं नाव म्हणजे नेमकं कशाचं नाव? ते ठरवतं कोण? आणि काही नावं शतकानुशतकं टिकतात, काही मात्र बादशहाने ठेवूनही टिकत नाहीत, असं का होतं?

आधी 'जिल्हा' म्हणजे काय ते पाहू

हा शब्द मूळचा अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ होतो बरगडी, त्यावरून बाजू, आणि पुढे मोठ्या प्रदेशाचा एक भाग. तालुकाही तिकडचाच, 'तअल्लुक' म्हणजे संबंध. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी कलेक्टर, म्हणजे शब्दशः गोळा करणारा. काय गोळा करणारा? शेतसारा. इंग्रजांना जमिनीची वसुली करायची होती, त्यासाठी कचेरी हवी होती, आणि त्या कचेरीच्या हुकमाखालचा मुलूख म्हणजे जिल्हा. १८१८ ला पेशवाई संपल्यावर नगरचा जिल्हा असाच आखला गेला. तो आजच्यापेक्षाही मोठा होता. नाशिक त्यातून १८६९ मध्ये वेगळा झाला.

अर्थात मुलूख वाटून वसुली करायची कल्पना इंग्रजांनी आणली असं नाही. सातवाहनांच्या काळात अशा भागाला 'आहार' म्हणत. नाशिकच्या लेण्यांत गोवर्धन आहाराचा उल्लेख आहे, कार्ल्याच्या लेखांत मामाल आहाराचा. हे मामाल म्हणजे आपलं मावळ. दोन हजार वर्षांत ते शब्द झिजून मावळ झालं, इतकंच. राष्ट्रकूटांच्या काळात शब्द आला 'विषय'. इ. स. ७५८ च्या एका ताम्रपटात पुण्याचा उल्लेख 'पुण्यविषय' असा आहे आणि दहा वर्षांनंतरच्या दुसऱ्या ताम्रपटात 'पूनकविषय' असा. म्हणजे पुणे हा तेव्हाही एक जिल्हाच होता, फक्त जिल्ह्याला विषय म्हणत. (पुण्याचा विषय निघाला की तो संपत नाही, ही तक्रार किती जुनी असेल ते यावरून कळावं.)

मग सुभा, सरकार, परगणा, महाल असे शब्द आले आणि गेले. आपल्याकडे राहिला तो जिल्हा.

३६ पैकी ३३ नावं गावांची

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. त्यांच्या नावांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. ३३ जिल्ह्यांना त्यांच्या मुख्यालयाचंच नाव आहे. जिथे कलेक्टर कचेरी, त्या गावाचं नाव अख्ख्या जिल्ह्याला. अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडाखालचा आदिवासी शेतकरी आणि जामखेडचा ज्वारी पिकवणारा शेतकरी यांच्या बोलीत, पावसात, पिकांत फारसं काहीच सारखं नाही. दोघे एका नावाखाली आले, कारण दोघांचा सातबारा एकाच कचेरीच्या अखत्यारीत येतो.

अपवाद तीन. रायगडचं मुख्यालय अलिबाग. मुंबई उपनगरचं वांद्रे. सिंधुदुर्गचं ओरोस, आणि तिथे तर उलटं झालं: जिल्ह्याच्या नावावरून मुख्यालयाच्या नव्या वसाहतीला सिंधुदुर्गनगरी म्हणू लागले. रायगड आणि सिंधुदुर्ग ही दोन्ही नावं किल्ल्यांची आहेत, दोन्ही किल्ले शिवाजी महाराजांचे, आणि दोन्ही जिल्ह्यांना ही नावं १९८१ मध्ये, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना मिळाली. त्या आधी रायगड जिल्ह्याचं नाव होतं कुलाबा. मुंबईतल्या कुलाब्याशी त्याचा संबंध नाही. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावरून ते आलेलं. म्हणजे तिथे एका किल्ल्याच्या जागी दुसरा किल्ला आला. हे दोन्ही किल्ले शिवरायांचेच असल्याने आणि जुनं नाव कुणाच्या जिव्हारी लागलेलं नसल्याने तो बदल फारसा गाजलाही नाही.

जुनी प्रदेशनावं मात्र या पद्धतीत मागे पडली. खानदेश हा इंग्रजांचा एक मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि १९६० च्या सुमारास पूर्व खानदेशचा जळगाव झाला, पश्चिम खानदेशचा धुळे. सरकारी नकाशातून खानदेश गेला. पण वांग्याचं भरीत खानदेशीच राहिलं आणि लेवा पाटीदारांच्या लग्नातली पंगतही. सांगलीचं असंच. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले; 'दक्षिण सातारा' हे नाव अकरा वर्षं चाललं आणि १९६० मध्ये तिथे सांगली आलं. कुणाला आता 'आम्ही दक्षिण साताऱ्याचे' म्हटलेलं आठवत असेल तर तो माणूस बराच ज्येष्ठ असणार.

गोष्ट एक, शिलालेख दुसरं

गावाच्या नावाचा अर्थ विचारा, कुणीतरी गोष्ट सांगतंच. सांगलीत सहा गल्ल्या होत्या म्हणून सांगली. सोळा गावं मिळून सोलापूर. बिळासारख्या खोलगट जागेत वसलं म्हणून बीड. कोल्हासुराला देवीने मारलं म्हणून कोल्हापूर. भिल्लांचं ठाणं म्हणून बुलढाणा. यातल्या काही गोष्टींत तथ्य असू शकतं. पण नाव आधी असतं, गोष्ट नंतर जोडली जाते, हे बहुतेक वेळा घडतं. माणसाला अर्थ न लागणारा शब्द तोंडात ठेवायला आवडत नाही, म्हणून तो ओळखीच्या शब्दात त्याला बसवतो.

पारखायचा मार्ग एकच: सगळ्यात जुनं लेखी रूप शोधायचं. सोलापूरचं उदाहरण घ्या. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या काळात या गावाचं नाव 'सोन्नलिगे' असं होतं. त्यात सोळा नाही आणि पूरही नाही. तेव्हा सोळा गावांची गोष्ट बोलायला छान, पण नावाचं मूळ तिथे नाही.

नाशिकचं प्रकरण याहून मजेदार. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक, म्हणजे नासिका, इथे कापलं म्हणून नाशिक, ही कथा पंचवटीत कुणीही सांगेल. दुसरे सांगतात की गाव नऊ टेकड्यांवर वसलं, नवशिख, त्याचं नाशिक. पांडवलेण्यांत एका चैत्यगृहाच्या दारावर लेख कोरलेला आहे: नासिकच्या लोकांनी धंभिक नावाचं गाव दान दिलं. हा लेख दोन हजार वर्षांहून जुना धरतात. म्हणजे तेव्हाही गावाचं नाव नासिकच होतं, 'नवशिख'चा त्यात मागमूस नाही. शूर्पणखेची कथा त्याच्या आधीची की नंतरची यावर वाद घालता येईल, पण नऊ टेकड्यांचा दावा त्या दगडापुढे टिकत नाही.

काही नावांची मुळं शोधताना थक्क व्हायला होतं. वाशीम हे नाव आज ऐकून कुणाला काही विशेष वाटत नाही. अकोल्यातून १ जुलै १९९८ ला वेगळा झालेला लहानसा जिल्हा, अशीच ओळख. पण वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची सुंदर लेणी कोरली गेली ती याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात. वाशीमला सापडलेल्या चौथ्या शतकातल्या ताम्रपटात 'नांदिकड' येतं, तेच आपलं नांदेड. लातूरही असंच. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूर' या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवत. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर वेगळा काढला तेव्हा हजारेक वर्षांपूर्वी राजांच्या बिरुदात झळकलेलं नाव पुन्हा जिल्ह्याच्या पाटीवर आलं. ठाणेही तसंच, शिलाहारांच्या ताम्रपटांतलं 'श्रीस्थानक' झिजत झिजत ठाणे झालं.

विदर्भातल्या नावांचं वय वेगळं आहे. नागपूर नाग नदीवरून, आणि ते शहर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. वर्धा नदीवरून वर्धा. ते गाव तर इंग्रजांनी १८६६ च्या सुमारास आखून वसवलं. चांदा १९६० नंतर चंद्रपूर झाला. लोक मात्र अजून कधीकधी चांदाच म्हणतात.

बादशहाने ठेवलेली नावं, लोकांनी न घेतलेली

आता जी नावं टिकली नाहीत ती बघू, कारण आजच्या वादात हाच भाग लक्षात राहत नाही.

मुघलांनी नाशिकचं नाव गुलशनाबाद ठेवलं होतं. नाव सुंदर आहे, गुलाबांच्या बागेची आठवण करून देणारं. पण मराठ्यांचा अंमल आला आणि नाशिक परत आलं. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून खानदेशचं 'दानदेश' केलं. ऐन-ए-अकबरीत त्या सुभ्याचं नाव दानदेश असंच आहे. खानाचा देश फक्त एका अक्षराने दानाचा देश झाला, इतका लहान बदल, तरी लोकांनी तो घेतला नाही. औरंगजेबाने १७०० मध्ये साताऱ्याचा किल्ला जिंकून शहजादा आझमच्या नावाने 'आझमतारा' केला. मराठ्यांनी तो परत घेतल्यावर 'अजिंक्यतारा' झाला. गंमत अशी की हे नाव उभं राहिलं ते आझमतारा या नावाच्याच सांगाड्यावर. पुण्यात औरंगजेबाने वसवलेल्या मुहियाबाद पेठेची बुधवार पेठ झाली. रायगड मुघलांच्या ताब्यात गेला तेव्हा त्याचं इस्लामगड केलं होतं, आणि त्याही आधी, महाराजांनी राजधानीसाठी निवडण्यापूर्वी, त्याच डोंगराचं नाव रायरी होतं.

म्हणजे रायगड हेही एक बदललेलं नाव आहे. ते टिकलं. इस्लामगड टिकलं नाही. दोन्ही नावं सत्तेनेच दिलेली, मग फरक कशाचा? फरक त्या नावाशी लोकांचं काय घडलं त्याचा. रायगडावर राज्याभिषेक झाला. आझमताऱ्यावर साताऱ्याच्या लोकांचं असं काही झालं नाही.

औरंगाबादची साखळी यात सगळ्यात लांब. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी या गावी नवं शहर उभं केलं. हा मलिक अंबर नगरच्या निजामशाहीचा वजीर, तेव्हा त्या शहराचंही नगरशी नातं आहे. त्याच्या मुलाने, फतेह खानाने, १६२६ मध्ये ते फतेहनगर केलं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून १६५३ मध्ये दुसऱ्यांदा आला तेव्हा औरंगाबाद. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. यातलं फतेहनगर तीस वर्षंही टिकलं नाही, औरंगाबाद पावणेचारशे वर्षं टिकलं. धाराशिवचं याच्या नेमकं उलट. कागदावर उस्मानाबाद, हैदराबादचा शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाने. पण आसपासच्या खेड्यांतली जुनी माणसं सबंध काळ धाराशिवच म्हणत राहिली. २०२३ च्या अधिसूचनेने तिथे नवीन नाव दिलं असं म्हणण्यापेक्षा बोलण्यातलं नाव कागदावर आणलं, असं म्हणता येईल.

नगरला यातलं काहीच जसंच्या तसं लागू होत नाही.

नगरचं काय?

बहमनी राज्य फुटत होतं त्या काळात जुन्नरच्या मलिक अहमदने स्वतंत्र व्हायचं ठरवलं. २८ मे १४९० ला भिंगारजवळ त्याने बहमनी सैन्याचा पराभव केला. या जागेवर, सीना नदीच्या काठी, त्याने पुढे शहर वसवलं. जागा निवडण्यात हिशेब होता: जुन्नर त्याच्याकडे होतं, दौलताबाद त्याला हवं होतं, आणि ही जागा दोन्हींच्या मधोमध. स्वतःच्या नावावरून त्याने शहराला अहमदनगर म्हटलं. शहराचा स्थापना दिन अजूनही २८ मे धरतात. फरिश्ता हा प्रसिद्ध इतिहासकार या दरबारात वाढलेला. त्याने लिहून ठेवलं आहे की या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातला होता.

म्हणजे इथे आधीचं एखादं जुनं शहर पुसून त्यावर अहमदनगर ठेवलेलं नाही. शहर आणि नाव एकत्रच जन्माला आलं. भिंगार होतं, ते आजही भिंगारच आहे. त्यामुळे 'मूळ नाव परत आणलं' हा धाराशिवचा युक्तिवाद इथे चालत नाही, आणि नाव बदलणाऱ्यांनीही तो फारसा केला नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता: या जिल्ह्याच्या मातीत जन्मलेल्या सगळ्यात मोठ्या व्यक्तीचं नाव जिल्ह्याला असावं. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. माणकोजी शिंदे पाटलांची मुलगी होळकरांच्या घरात गेली, आणि १७६७ ते १७९५ अशी २८ वर्षं महेश्वरातून तिने माळव्याचा कारभार पाहिला. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. नावावर हरकत घेणाऱ्यांपैकीही अहिल्यादेवींच्या थोरवीबद्दल कुणी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं इतकंच की पाचशे वर्षांचं शहराचं नाव, चांदबीबीने राखलेल्या किल्ल्याचं नाव, का काढायचं. त्याआधी अंबिकानगर हे नावही राजकारणात येऊन गेलं होतं, पण ते भाषणांच्या पुढे गेलं नाही.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात वजन आहे, आणि इतिहासाच्या पुराव्याने हा वाद सुटणारा नाही. 'पूर्वी काय होतं' याचं उत्तर पुरावा देतो. 'आता कुणाची आठवण पाटीवर ठेवायची' हे आजच्या लोकांनी ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना कुणाला तरी आपलं काही गेल्यासारखं वाटतं, हे मान्य करायला काय हरकत आहे?

आणि तरी नगरची एक सोय झाली आहे, जी औरंगाबादची झाली नाही. जुन्या आणि नव्या नावाचा अर्धा भाग सारखाच राहिला. या शहराचे लोक स्वतःला नगरकर म्हणतात. रस्ता नगर-मनमाड रोड आहे. अहमद गेला, अहिल्या आली, नगर जिथल्या तिथे.

सावेडीच्या उत्तरेला भिस्तबाग आहे. चौक भिस्तबागचा, महाल भिस्तबागचा. ऐकणाऱ्याला वाटतं, पखालीने पाणी घालणाऱ्या भिस्त्यांची बाग असेल. मूळ नाव 'हश्त बिहिश्त बाग', म्हणजे आठ स्वर्गांची बाग. निजामशाहीच्या सुरुवातीच्या काळात तळ्यात अष्टकोनी महाल बांधून ती केली होती. बिहिश्त म्हणजे स्वर्ग, त्याचं झालं भिस्त. आणि खुद्द 'भिस्ती' हा शब्दही त्याच बिहिश्तवरून आलेला. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला माणूस. म्हणजे लोकांचा अंदाज चुकला तरी फार लांब गेला नाही. तिथून जवळच पाइपलाइन रोड आहे. त्याचा अर्थ सांगायला नको. सावेडीच्या या दोन्ही नावांसाठी कुठल्याही मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती.

नाव बदलायचं तर सही कुणाची?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण शहराचं नाव आणि जिल्ह्याचं नाव हे दोन वेगळे निर्णय असतात.

जिल्हा, तालुका, महसुली गाव ही जमीन महसुलाची एककं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ नुसार राज्य सरकार ती ठरवू शकतं, त्यांच्या सीमा आणि नावं बदलू शकतं. आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या आणि मग राजपत्रात अंतिम अधिसूचना काढायची. शहराच्या किंवा गावाच्या नावासाठी मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाची 'हरकत नाही' लागते. त्यासाठी १९५३ पासूनच्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि रेल्वे, टपाल खातं, सर्व्हे ऑफ इंडिया यांना विचारलं जातं. कारण साधं आहे: त्याच नावाचं दुसरं गाव असेल तर पत्रं चुकतील. राज्याचं नाव बदलायचं असेल तर थेट संसदेत कायदा करावा लागतो.

छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव यांच्या बाबतीत हे दोन टप्पे स्पष्ट दिसले. शहरांच्या नावांना केंद्राची संमती २४ फेब्रुवारी २०२३ ला आली. जिल्ह्यांची अधिसूचना निघाली सप्टेंबरमध्ये. मधले सहा-सात महिने शहराचं एक नाव आणि जिल्ह्याचं दुसरं. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही बदलांविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. नगरची घोषणा ३१ मे २०२३ ला चोंडीत झाली, राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय १३ मार्च २०२४ चा, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या संमतीनंतर अधिसूचना. रेल्वे स्थानकाची पाटी आणखी मागाहून, २०२५ मध्ये बदलली. मुंबईचं नाव १९९५ मध्ये बदललं, पण ज्या न्यायालयात हे खटले चालतात त्याचं इंग्रजी नाव अजून बॉम्बे हायकोर्ट आहे, कारण ते बदलायला वेगळा कायदा लागतो.

सामान्य माणसाचा प्रश्न याहून सोपा असतो: माझ्या कागदांचं काय? जुन्या खरेदीखतावर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, जन्मदाखल्यावर अहमदनगर असेल तर तो कागद रद्द होत नाही. तो दिला गेला त्या दिवशी तेच नाव कायदेशीर होतं. गाडीच्या नंबरालाही काही होत नाही. एमएच १६ म्हणजे नगर, हे आरटीओच्या दृष्टीने नाव नसून आकडा आहे.

सिएटलची युक्ती

नावांची ही अडचण फक्त आपलीच नाही. अमेरिकेत राज्यांचे जे भाग पडतात त्यांना काउंटी म्हणतात, आणि तिथेही माणसांची नावं द्यायची हौस दांडगी. एकट्या वॉशिंग्टनच्या नावाच्या काउंट्या तीसच्या आसपास राज्यांत आहेत. सिएटल शहर ज्या काउंटीत येतं तिचं नाव 'किंग'. १८५२ मध्ये ते ठेवलं गेलं विल्यम रूफस किंग यांच्यावरून. ते त्या वर्षी अमेरिकेचे उपाध्यक्ष म्हणून निवडून आले होते, आणि गुलामांचे मालक होते. १९८६ मध्ये काउंटीच्या सभागृहाने ठरवलं की नाव किंगच ठेवू, पण यापुढे ते मार्टिन लूथर किंग यांच्यासाठी. राज्याच्या कायद्यात ते २००५ मध्ये आलं. पाटी बदलावी लागली नाही, लेटरहेडवरचं नाव बदललं नाही. फक्त किंग बदलले.

आपल्याकडे इतका सोयीचा योग क्वचित येतो. नगरला तो अर्धा आला.

पुढचा जिल्हा?

नावाचा प्रश्न इथे संपलेला नाही. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके. अकोले तालुक्यातल्या माणसाला जिल्हा कचेरीत एका सहीसाठी यायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो; सावेडीतला माणूस दुचाकीवर दहा मिनिटांत पोचतो. म्हणून विभाजनाची मागणी फार जुनी आहे. ती अडते मुख्यालयावर. श्रीरामपूर म्हणतं आमच्याकडे, संगमनेर म्हणतं आमच्याकडे, शिर्डीचं नावही पुढे असतं, आणि उत्तरेच्या तालुक्यांसाठी अपर जिल्हाधिकारी कार्यालय तिथेच मंजूर झालं. ३३ जिल्ह्यांचा शिरस्ता पाळला तर जिथे कचेरी, त्या गावाचं नाव नव्या जिल्ह्याला मिळेल. रायगड-सिंधुदुर्गचा रस्ता धरला तर एखाद्या किल्ल्याचं किंवा व्यक्तीचं नाव ठेवता येईल, म्हणजे तीन गावांच्या भांडणातून वाट निघेल. अकोल्याच्या माणसाला मात्र नावाहून अंतराची काळजी जास्त आहे. त्याला कचेरी जवळ हवी आहे.